आधी ड्रायव्हरचे तास मोज

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते. वय २६, बी.कॉम. न्हावाशेवाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी आणि गाड्यांचा हिशेब बघते. घरबसल्या अमेरिकेतल्या ट्रकना माल मिळवून देणारी डिस्पॅचर व्हायचं मनात आहे. एका क्लासने पंधरा दिवसांच्या कोर्सचे ३५ हजार सांगितले. महिन्याभरात स्वतःचे ट्रकमालक मिळतील, असंही म्हणाले. फी भरू का? इंग्रजी बेताचं आहे. दिवसाची नोकरी सांभाळून जमेल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : फी भरू नकोस. ज्याच्या ट्रकचा हप्ता चालू आहे, तो मालक पंधरा दिवस शिकलेल्या अनोळखी माणसाच्या हाती गाडी देत नाही. आणि नियम एफएमसीएसए या तिथल्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

मी कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून या कामात आले. आता कामोठ्याच्या घरातून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका छोट्या ट्रकमालकाच्या गाड्या बघते. माझं ठाम मत आहे, की डिस्पॅचरने भाव करायला शिकण्याआधी ड्रायव्हरचे तास मोजायला शिकावं. तिथे दहा तास विश्रांती घेतल्यावर ड्रायव्हरला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, तीही कामावर हजर झाल्यापासून १४ तासांच्या आत. आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची सुट्टी घ्यावीच लागते. हे सगळं गाडीतलं यंत्र नोंदवतं.

समजा, अटलांटाहून शिकागोचा माल आहे. अंतर साधारण ७१५ मैल, भाडं १,८०० डॉलर. ब्रोकर, म्हणजे माल पाठवणाऱ्याचं काम ट्रकमालकाला देणारा दलाल, म्हणतो, दुपारी दोनला भर, उद्या सकाळी आठला उतरव. ड्रायव्हर सकाळी आठपासून कामावर आहे. माल भरून गाडी चारला निघाली, तर रात्री दहाला त्याचे १४ तास संपले. तोवर सव्वातीनशे-साडेतीनशे मैल झाले असतील. मग दहा तास विश्रांती, म्हणजे सकाळचे आठ. शिकागोच्या घड्याळात सात. उरलेलं अंतर कापायला दुपारचे दोन-अडीच वाजणार. म्हणून ब्रोकरला फोनवरच सांगायचं, उतरवायची वेळ संध्याकाळी चारची दे, नाहीतर हा माल नको. 'बघू, जमवू' म्हणून होकार दिलास, तर झोप त्या ड्रायव्हरची जाते, आणि ८०,००० पौंडांची गाडी त्याच्या हातात असते. मला या कामात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आता भाडं. ७१५ मैलांना १,८०० म्हणजे मैलामागे अडीच डॉलर, बरं दिसतं. पण गाडी मेकनला रिकामी उभी असेल तर अटलांटापर्यंतचे ८५ मैल धर. एकूण ८०० मैल, मैलामागे सव्वादोन. शिवाय शिकागोहून परतीचा माल काय भावाने मिळतोय, हेही त्याच वेळी बघायचं. परतीचं भाडं हा हिशेब तू रोज करतेस, म्हणून तुझा अनुभव त्या कोर्सपेक्षा मोलाचा आहे.

डीएटी, ट्रकस्टॉप या लोडबोर्डांवर, म्हणजे मालाची यादी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, माल दिसतो. फोन करण्याआधी ब्रोकरचा परवाना सरकारी नोंदीत तपास, आणि शंका आली तर तिथे नोंदलेल्या फोनवरच खात्री कर. दुसऱ्याच्या नावाने माल उचलून तिसऱ्याला देणारे भामटे खूप आहेत. रेट कन्फर्मेशन, म्हणजे ठरलेलं भाडं आणि अटी लिहिलेला कागद, हातात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. त्यात थांबून राहिल्याचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात ते वाच; बहुधा दोन तासांनंतर. ड्रायव्हर गेटवर पोचल्याची वेळ तेव्हाच लिहून मेल केली नाही, तर ते पैसे मागून मिळत नाहीत.

आणखी एक. तू ट्रकमालकाच्या बाजूने काम करायचं, पैसेही त्याच्याकडूनच घ्यायचे; टक्केवारी किंवा आठवड्याची ठरलेली रक्कम. माल हाती घेऊन तो वेगवेगळ्या मालकांत वाटायला लागलीस, तर ती दलाली. तिला वेगळा परवाना आणि ७५,००० डॉलरचा हमीचा बाँड लागतो. एफएमसीएसएने जून २०२३ मध्ये याबद्दल सविस्तर खुलासा काढलाय, तो नीट वाच.

इंग्रजीने अडणार नाही. आकडे, गावं, वेळा स्पष्ट बोलता आल्या आणि समोरच्याने सांगितलेलं परत म्हणून पक्कं केलंस, की काम होतं.

दिवसाची नोकरी मात्र सोबत जमणार नाही. पूर्व किनाऱ्यावरचे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेपाच ते मध्यरात्रीनंतरचे अडीच. नोव्हेंबरपासून आणखी तासभर पुढे. सकाळी कळव्याहून न्हावाशेवा गाठायचं आणि रात्री ड्रायव्हरचे फोन घ्यायचे, यात कोणाचं तरी नुकसान होईलच. आत्ता नोकरी सोडू नकोस. ऐरोली-महापे भागात रात्रपाळीची ऑफिसं आहेत. तिथे गाड्यांचा माग ठेवण्याचं काम मिळालं तर आधी ते घे, ट्रकमालक नंतर शोध. मुलाखतीत पगाराच्या आधी विचार, की रात्री तीनला कळव्यापर्यंत घरी सोडायला गाडी आहे का. गोलमोल उत्तर आलं तर दुसरं ऑफिस बघ.