विधी थांबवायचा नाही

इंदूर, आषाढ

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रामबागेतल्या लग्नात सप्तपदीच्या चौथ्या पावलाला फोटोसाठी तू "गुरुजी, एक मिनिट, परत एकदा" म्हणालास. गुरुजी चिडले, मुलीचे वडील गप्प झाले, आणि तिचा भाऊ म्हणाला, फोटो आलाच पाहिजे, त्याचेच पैसे देतोय. आता कुणाचं ऐकायचं, असं तू विचारतोस. पत्राच्या तळाशी दोन ओळी आहेत की बायको नीट बोलत नाही आणि येत्या श्रावणात काढीव मुहूर्ताची तीन कामं आली आहेत, त्यातली दोन मंगळवारची. तुझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या मते एकच आहे.

विधी थांबवायचा नाही. पुन्हा करायला लावायचा नाही. हे माझं एकच सांगणं आहे आणि आज ते मी चार वेळा सांगणार आहे.

तू श्रद्धेनं काम करतोस, गाभाऱ्यासमोर हात जोडल्याशिवाय बॅग उचलत नाहीस, हे मला माहीत आहे. मग मांडवातला अग्नी तुला सेटचा भाग कसा वाटला? हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ वाच. जिथे विधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे शास्त्राला आणि कायद्याला, दोघांनाही ते पाऊल खरं हवं आहे. तू पुन्हा चालायला लावलेली सप्तपदी फोटोत कितीही देखणी दिसली, तरी ते लग्न नव्हे. तो फोटो खोटा आहे, आणि तो भिंतीवर लावणाऱ्या मुलीला ते आयुष्यभर माहीत असणार.

चौथं पाऊल चुकलं, कारण तू चुकीच्या जागी उभा होतास. चुकीच्या जागी उभा होतास, कारण आदल्या दिवशी गुरुजींना भेटला नव्हतास. म्हणून यापुढे भेटायचं. फोनवर नाही, समोर बसून, वही घेऊन. मुहूर्ताची वेळ मिनिटासकट विचार. शाखा विचार, कारण ऋग्वेदी आणि यजुर्वेदी घरांत क्रम थोडा बदलतो आणि कन्यादान, कंकणबंधन, मंगळसूत्र यांची तुझी पाठ केलेली यादी तिथे कोलमडते. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार ते विचार. होमकुंडाची कुठली बाजू मोकळी राहील आणि तांदळाच्या सात राशी कुठे मांडणार, तेही विचार. मग मांडव बांधणाऱ्याला गाठ आणि त्या बाजूला तीन फूट जागा सोडायला सांग. खुर्च्या लागल्यावर ती जागा कोणी देत नाही. सप्तपदीला मुलीचं उजवं पाऊल राशीवर टेकतं, तेव्हा तू राशींच्या शेवटच्या टोकाला गुडघ्यावर हवास, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर. बाजूने काढलास तर पाऊल दिसतं, चेहरा जातो. टोकाकडून दोन्ही येतं.

अंतरपाटाचंही तेच. कापड बाजूला होतं त्या क्षणाला दोन सेकंद मिळतात, आणि नेमके तेव्हाच दोनशे मोबाइल वर येतात. एक जण मुलाच्या खांद्यामागे, एक मुलीच्या खांद्यामागे, दोघंही करवल्यांच्या आतल्या बाजूला, ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स. एक्सपोजर आधीच मॅन्युअल करून ठेव. पांढरं कापड समोर असताना कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात. अक्षता गोठवायच्या तर शटर १/५०० हवं, आणि फोकसचा पिच्छा थोडा सैल ठेव, नाहीतर तो चेहरा सोडून पडणाऱ्या दाण्यामागे धावतो. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर मांडवात वापरू नकोस. गुरुजींना त्रास नको म्हणून तू ते लावतोस, भावना चांगली आहे. पण आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिटमिटतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर शालूवरून काळे पट्टे फिरतात. यांत्रिक शटर लाव, आणि पट्टे दिसलेच तर १/१०० वर ये. अक्षतांचा एखादा दाणा हलला तरी चालेल.

होमाला फ्लॅश बंद. समोरून मारलेला फ्लॅश ज्वाळा खाऊन टाकतो आणि धुराची पांढरी भिंत उभी करतो. वारा कुठून येतो ते बघून धुराच्या अलीकडे बस, मोजमाप चेहऱ्याचं घे, ज्वाळेचं नाही. छताच्या पिवळ्या-लाल कापडावर फ्लॅश उसळवलास तर सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखं दिसतं, तेव्हा तिथे छोटी सॉफ्टबॉक्स घेतलेला मदतनीस बाजूला उभा कर. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो ते दर फेरीला होतं, एकदा हुकलं तर पुढच्या फेरीत मिळतं. कानपिळीसुद्धा लोक हसत दोनदा करतात. मंगळसूत्र मात्र एकदाच. त्या वेळी मुलीची करवली तिच्या गळ्यापाशी झुकते आणि सगळं झाकते. तिला सकाळीच, मेंदी बघण्याच्या निमित्ताने, कुठे उभं राहायचं ते हळूच सांगून ठेव. हे सगळं कळल्यावर थांबवण्याची गरज कुठे उरते?

याच इंदुरात लाला दीनदयाळ १८६६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि पुढे त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तेव्हा काचेची एक प्लेट म्हणजे एक फोटो. आधी जागा ठरायची, उजेड ठरायचा, मग झाकण उघडायचं. आपल्याला एका लग्नात तीन हजार फ्रेम काढायची मुभा मिळाली आणि तयारी सुटली. तयारी सुटली की मग "परत एकदा" तोंडातून येतं.

आणि दोनदा काढता येत नाही, म्हणूनच जे काढलंस ते हरवायचं नाही. दोन्ही कार्डांवर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल. २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण २५ ते ३० एमबीची धर, म्हणजे तीन हजारांना ७५ ते ९० जीबी. घरी पोचल्यावर जेवायच्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, तिसरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरात. तिन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. अल्बम बारा बाय छत्तीस इंचांचा असला तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, १०८०० पिक्सेल रुंदी लागते, तुझा आडवा फोटो ६००० चा. पूर्ण पानावर ताणलास तर १६७ पर्यंत उतरतो. तेवढं हातभर अंतरावरून चालतं, पण त्यातही कापाकापी केलीस तर पैठणीचे मोर विरघळतात. पानाच्या मधल्या घडीवर चेहरा कधीही नको.

आता त्या भावाचं. तो चुकला नाही. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. करारात एक ओळ मराठीत आणि हिंदीत घाल: धार्मिक विधी फोटोसाठी थांबवले किंवा पुन्हा केले जाणार नाहीत. बयाणा घेताना ती ओळ मोठ्याने वाचून दाखव. काही जण उठून जातील. जाऊ देत. मला लोक हट्टी म्हणतात, कामं गेली तीही खरी, पण मांडवात मला कुठल्या गुरुजींसमोर मान खाली घालावी लागत नाही, आणि याची किंमत मला त्या कामांपेक्षा जास्त वाटते. तुला वाटेल म्हातारा स्वतःचं समर्थन करतोय. करतोय. तरीही ओळ घाल.

तू त्या भावापुढे का झुकलास ते मी सांगतो. बयाणा तू आधीच खर्च केला होतास. काम होईपर्यंत बयाणा आपला नसतो, तो वेगळ्या खात्यात राहू दे. आपल्या धंद्याला पंचांगाची कात्री आहे: आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने, मग पौष, शिवाय २०२६ सारख्या वर्षी अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन हंगामातला महिना. वर्षाचा घरखर्च बारानं भागून दर महिन्याला तेवढाच पगार स्वतःला घे. लेन्स हंगामाच्या भरात घेऊ नकोस. मदतनिसाचे पैसे त्याच रात्री. आणि सूनबाई रात्री जागून अल्बम लावते, तिचं नाव मजुरीच्या वहीत आहे का? नसेल तर आजपासून लिही, आकड्यासकट.

आता मंगळवारचं. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं असते. तुमची ही दुसरी. देवानं आपल्याला चार महिने मोकळे दिले आहेत आणि सगळे घरचे सण त्यातच बसवले आहेत: मंगळागौर, हरितालिका, गणपती, दिवाळी. इतकी सोय कुठल्या नोकरीत आहे? आणि तू त्याच मंगळवारी दुसऱ्याच्या मांडवात उभा राहणार! तुझ्या घरी पत्री गोळा होईल, ती एकटी पूजेला बसेल, आणि तू म्हणशील, पुढच्या मंगळवारी करू. हे "गुरुजी, परत एकदा" च आहे. विधी थांबवायचा नाही, मग तो कुणाच्याही घरचा असो. माझ्या घरच्या पाचांपैकी किती मंगळागौरींना मी होतो, ते मला विचारू नकोस.

दोन्ही मंगळवारची कामं सोड. आजच फोन कर, बयाणा पूर्ण परत दे, आणि मोकळ्या असलेल्या दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर दे. तिसरं काम शुक्रवारचं आहे, ते कर. कॅमेरे मात्र या दिवसांत कपाटात कोंडू नकोस. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, ती आत शिरली की काच खाते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. जेलचा रंग बदलला की भाजून कोरडं कर.

रविवारी सकाळी पोहे खायला ये, सूनबाईंना घेऊन. येताना पुढच्या वर्षाचं पंचांग बाजारात आलं असेल तर आण, नसेल तर माझ्याकडचं जुनं आहे, तिथ्या मोजून काढू. आधी तिच्या तारखा लाल शाईनं भरू. मुहूर्त त्यानंतर.

तुझा,
काका