दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या 'झीरो' लढाऊ विमानात वैमानिकासाठी चिलखत का नव्हतं? डिझायनरला माणसाच्या जिवाची पर्वा नव्हती का?

झीरोचे डिझायनर जिरो होरिकोशी यांच्यावर हा आरोप नेहमी होतो आणि मला तो अन्यायाचा वाटतो. मी मशीन डिझाइनमध्ये काम करतो. त्यामुळे कुठलंही यंत्र बघताना ते करणाऱ्याकडे काय मागितलं होतं आणि त्याच्या हातात काय दिलं होतं, हे मी आधी पाहतो.

१९३७ मध्ये जपानी नौदलाने मित्सुबिशी आणि नाकाजिमा या कंपन्यांपुढे अटी ठेवल्या. समोरून वारा असताना विमानवाहू नौकेवरून ७० मीटरच्या आत उड्डाण, ४,००० मीटर उंचीवर ताशी ५०० किलोमीटर वेग, साडेतीन मिनिटांत ३,००० मीटरची चढाई, जादा टाकी लावून सहा ते आठ तास हवेत राहण्याची क्षमता, २० मिलिमीटरच्या दोन तोफा. शिवाय चपळाई आधीच्या, कितीतरी हलक्या विमानाइतकी हवी. नाकाजिमाने अंग काढून घेतलं. होरिकोशींनी एखादी अट सैल करा म्हणून विनवलं, पण नौदल बधलं नाही. चिलखताची मागणी या अटींत नव्हतीच.

खरी अडचण इंजिनाची होती. पहिल्या नमुन्यावरचं झुईसेई इंजिन ७८० अश्वशक्तीचं, पुढे आलेलं साकाए ९४० अश्वशक्तीचं. अमेरिकेच्या वाइल्डकॅट या लढाऊ विमानाकडे त्याच काळात १,२०० अश्वशक्ती होती. एवढ्या ताकदीत सगळ्या अटी पाळायच्या तर वजन कापण्यावाचून मार्ग नव्हता. सुमितोमोने नुकताच तयार केलेला, जास्त ताकदीचा ड्युरालुमिन हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू पंखांच्या स्पारसाठी, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईसाठी, वापरला. दोन्ही पंख आणि धडाचा मधला भाग एकसंध बांधला, म्हणजे जोडणीच्या जड पट्ट्या वाचल्या. जिथे भार कमी, तिथे धातूला भोकं पाडली. रिकामं झीरो जेमतेम १,६८० किलोचं झालं.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र वजनाची नाही. हळू उडताना विमानाचं नाक उचलायला दांडा बराच ओढावा लागतो. वेगात तेवढाच ओढला तर विमान एकदम उसळतं. होरिकोशींनी शेपटीच्या एलिव्हेटरकडे, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीकडे, जाणाऱ्या तारा मुद्दाम जास्त लवचीक ठेवल्या. वेग वाढला की हवेच्या दाबाने तार ताणली जाते आणि तेवढ्याच ओढीला एलिव्हेटर कमी हलतो. त्यामुळे वैमानिकाच्या हाताला दांडा कुठल्याही वेगात सारखाच वागतो. इतका बारीक विचार करणाऱ्याला वैमानिकाची पर्वा नव्हती, हे मला पटत नाही.

१ एप्रिल १९३९ ला पहिलं उड्डाण झालं. त्यासाठी विमानाचे सुटे भाग नागोयाच्या कारखान्यातून कागामिगाहाराच्या धावपट्टीपर्यंत बैलगाड्यांवरून न्यावे लागले होते. १३ सप्टेंबर १९४० ला चीनमधल्या चोंगचिंग शहरावर १३ झीरोंनी स्वतःचं एकही विमान न गमावता चिनी हवाई दलाची दाणादाण उडवली. नौदलाला तेव्हा संरक्षण वाढवायची गरजच भासली नाही.

किंमत १९४२ पासून वैमानिकांनी मोजली. प्रशांत महासागरातल्या रबाउलच्या जपानी तळाहून ग्वादलकॅनाल बेटावर लढायला जायचं म्हणजे एका बाजूचंच हजार किलोमीटर. टाकीला गोळी लागली तर भोक आपोआप बुजण्याची सोय नाही, आणि परतताना खाली सगळा समुद्र. पुढच्या वर्षी २,००० अश्वशक्तीचं हेलकॅट हे अमेरिकी लढाऊ विमान समोर आलं. अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर अमेरिकनांना सापडलेलं झीरो तपासून हेलकॅट बनवलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. हेलकॅटचा नमुना जून १९४२ मध्येच उडाला होता आणि ते झीरो जुलैमध्ये हाती लागलं.

माझ्या मते दोष द्यायचाच तर पुढच्या निर्णयांना द्यावा. चिलखत अखेर बसवलं १९४४ मध्ये, तेही त्याच साकाए इंजिनावर, त्यामुळे विमान आणखी मंदावलं. जास्त ताकदीचं किनसेई इंजिन बसवायची मागणी होरिकोशींच्या बाजूने आधीपासून होती. ती मान्य होऊन त्या झीरोचा नमुना उडाला एप्रिल १९४५ मध्ये, आणि युद्ध संपेपर्यंत असे दोनच नमुने तयार झाले.