पावसात अडकलेली पोरं, एक हॉल आणि दोन पालख्या

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. जुलै लागला की मुलांचं खाली खेळणं बंद होतं, म्हणून आम्ही दोघी-तिघी आया शनिवारी संध्याकाळी त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये जमवतो. चौदा जण आहेत, सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा आणि मोठी बाराची. संगीत खुर्ची, शिवाजी म्हणतो, सगळं खेळून झालं. मोठी म्हणतात हे बाळांचे खेळ, छोटे आऊट झाले की रडतात, आणि हॉलच्या खाली ज्यांचं घर आहे ते आवाज झाला की लगेच वर येतात. माझा आठ वर्षांचा मुलगा तर कोपऱ्यातच बसून असतो. काय खेळवावं? बक्षिसं ठेवली तर उपयोग होईल का?

उत्तर: सगळ्यात आधी आऊट हा प्रकारच बंद करा. संगीत खुर्चीत पहिल्यांदा बाद होणारा बहुतेक वेळा धाकटाच असतो आणि मग बाकीच्यांचा डाव संपेपर्यंत तो भिंतीला टेकून बसून राहतो, म्हणजे खेळायला आला आणि बसूनच घरी गेला. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल सांगते, पावसाळ्यात तेवढी कुठून होणार, त्यामुळे तुम्ही करताय ते फार मोलाचं आहे, सोडू नका.

दुसरं, मुलांना नुसता नियम देऊ नका, गोष्ट द्या. "हळू चाला, आवाज करू नका" म्हटलं की दोन मिनिटं टिकतं. पण "सिद्दी जौहरच्या चौक्या आहेत, चाहूल लागता कामा नये" म्हटलं की बारा वर्षांची मुलगीसुद्धा श्वास रोखून पाऊल टाकते. पन्हाळ्याहून निसटण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असतेच, जुलै १६६०, भर पावसातली रात्र, एका पालखीत महाराज आणि दुसरीत त्यांच्या वेषातला शिवा काशीद. तुमच्या हॉलसाठी याच्याइतका चांगला खेळ मला तरी दुसरा सुचत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन जुन्या चादरी घ्या, प्रत्येकीत एकेक उशी गुंडाळलेली, आणि त्यातल्या एकाच उशीत एखादी छोटी वस्तू लपवलेली, अगदी चमचासुद्धा चालेल. ती कुठल्या पालखीत आहे हे फक्त भोयांना माहीत. चार-चार जणांनी चादरीची टोकं धरून कमरेच्या उंचीवर न्यायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधे तीन-चार पहारेकरी डोळे मिटून बसलेले. उरलेल्यांतला एक निवेदक आणि बाकीचे पाऊस. निवेदक सांगेल तसं चालायचं: चिखल आला की गुडघे उचलून पाय ओढून काढायचा, खिंड आली की वाकून, ओढा आला की पालखी डोक्यावर. आणि निवेदक "वीज!" म्हणाला की सगळे जिथल्या तिथे पुतळे आणि पहारेकऱ्यांनी क्षणभर डोळे उघडायचे, जो हलताना दिसला त्याची पालखी तीन पावलं मागे. मागेच, आऊट नाही. दोन्ही पालख्या पोचल्या की पहारेकऱ्यांनी ओळखायचं राजे कुठल्या पालखीत आणि मग भूमिका बदलायच्या. असं वाकून, थांबून, तोल सांभाळत चाललं की मांड्या अशा भरून येतात की विचारू नका, करून बघा तुम्ही स्वतः. आणि खाली आवाज शून्य. फक्त चादरीत धाकट्याला बसवायचा हट्ट मोठी मुलं करतील, तो अजिबात ऐकू नका, टाइल्सवर डोकं आपटलं तर महागात पडेल. मोजे पण काढायला लावा, अनवाणी पायच बरे.

डोंगराला आग लागली पण असंच बदलता येतं. धावण्याऐवजी गोल फिरत चवड्यांवर चालायचं, आणि नुसतं "चार-चार" न म्हणता "चार जणांची रिक्षा", "पाच जणांचा मिक्सर", "तीन जणांची लिफ्ट" असं सांगायचं, गटानं अंगानंच ती वस्तू करून दाखवायची आणि ती चालली पण पाहिजे. उरलेल्यांनी काय बनलंय त्यात बिघाड करायचा आणि मेकॅनिक होऊन दुरुस्तही करायचा. मोठी मुलं यात रंगतात कारण डोकं लागतं.

पूर आला हा खेळ तर संगीत खुर्ची उलटी केली की झालाच, बेटं कमी होत जातात पण माणसं तेवढीच राहतात, शेवटच्या बेटावर चौदाच्या चौदा जणांनी एकमेकांना धरून मावायचं. वर्तमानपत्राची बेटं करू नका, कागद टाइल्सवर सटकतो, खडूनं गोल काढा.

मंगळागौरीतली बसफुगडी, पिंगा हेही शिकवा, मुलग्यांनासुद्धा, पण उड्यांचे प्रकार खालच्या घरच्यांना विचारून आणि वेळ ठरवून.

तुमच्या मुलाला ओढून मधे आणू नका. त्याला पाऊस करा. आधी तळहात घासायचे, मग बोटांनी मांडीवर टपटप, मग जोरात, आणि पाऊस वाढला की पालख्यांना पटपट जाता येतं कारण चाहूल झाकली जाते, म्हणजे सगळा डाव त्याच्या हातात. कोपऱ्यात बसून करता येतं आणि तरी तो खेळात असतो. नंतर त्याला वाटलं तर तो भोई होईल.

बक्षीस नको. एकाला दिलं की तेरा जणांना नाही मिळालं, आणि पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न "आज काय मिळणार?" हाच येतो. त्या पैशांची केळी आणा, एवढं खेळल्यावर सगळ्यांनाच भूक लागलेली असते.