'नकार' लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र परवा मिळाले. चौदा महिन्यांची मुलगी, दंडाचा घेर जेमतेम ११ सेंटिमीटर, म्हणजे तीव्र कुपोषण. चौथ्या दिवशी तिची आई तिला पोषण पुनर्वसन केंद्रातून उचलून घेऊन गेली. तू समजावलेस, मग रागावलीस, शेवटी केसपेपरवर 'नातेवाइकांचा उपचारास नकार' असे लिहून अंगठा घेतलास. आता मला विचारतेस, की ज्यांना स्वतःच्या लेकराची पर्वा नाही त्यांच्यासाठी बंधपत्राचे, सक्तीच्या सरकारी सेवेचे वर्ष मेळघाटात कशाला काढायचे. मला एवढेच सांग, नकार लिहिण्याआधी त्या बाईला 'घरी कोण आहे' हे विचारले होतेस का?

विचारले नसशील. तुझ्या तीन पानी पत्रात मुलीचे वजन आहे, हिमोग्लोबिन आहे, आईचा 'हट्टी स्वभाव' आहे. घर कुठेच नाही.

मीही असा अंगठा घेतलेला आहे. तेव्हा मला नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. ऐन श्रावणात सेमाडोहच्या पलीकडची एक बाई न्यूमोनिया झालेल्या बाळाला घेऊन तिसऱ्या दिवशी निघाली. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर 'तू आई आहेस की कोण' असे म्हणालो आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या ओळीखाली तिचा अंगठा उमटवून घेतला. आठवड्याने मी तिच्या ढाण्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर गेलो. जीप नाल्यापर्यंतच जात होती, पुढे चालत. घरात सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी उभी होती आणि पातेल्यात कुटकीची पेज होती, इतकी पातळ की तळ दिसत होता. ती कोरकूत काही बोलली, ते माझ्या परिचराने मराठीत सांगितले. आई निंदायला गेली आहे, शेतमालकाची उचल फेडायची आहे, संध्याकाळी येईल. बाळ घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले होते.

त्या बाईने उपचार नाकारला नव्हता. घरची दोन पोरे आणि खाटेवरचे एक यांच्यात तिला निवड करावी लागली होती, आणि मी त्या निवडीला 'नकार' असे नाव देऊन सही करून मोकळा झालो होतो. म्हणून सांगतो, आधी घर विचार, मग शब्द लिही.

तू भूमकाबद्दल, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैद्याबद्दल, आणि मुलीच्या पोटावरच्या डंब्याच्या चट्ट्यांबद्दल लिहिले आहेस. तापलेल्या लोखंडाने बाळाचे पोट डागणे वाईटच, त्यावर वाद नाही. पण ते चट्टे दिसले की आपल्याला जरा हायसे वाटते, हेही कबूल कर. अंधश्रद्धा सापडली की आपली सुटका होते. भूमका त्याच गावात राहतो, त्या आईची भाषा बोलतो, रात्री दार उघडतो आणि त्याच्याकडे जाण्यात तिचा रोज बुडत नाही. यातले आपल्याकडे काय आहे?

कागदावर आपल्याला झुकते माप आहे. मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी भागात २०,००० ला. पण हा निकष डोकी मोजतो. घाट, नाले आणि रिकामी पदे मोजत नाही. १९८४ साली दांडेकर समितीने राज्याचा प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यात आरोग्यसेवाही होती, परंतु मोजण्याचे एकक जिल्हा होते. अमरावतीच्या सरासरीत मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके कसे दिसणार? १९९३ साली इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, त्यानंतर योजनांची रांग लागली. त्यातल्या एकीने खरी नस ओळखली, आणि सरकारी कागदात 'बुडीत मजुरी' हा शब्द आला. मुलासोबत राहणाऱ्या आईचा रोज भरून द्यायचा. माझ्या वेळी ती रक्कम हातात पडेपर्यंत मूल घरी परतलेले असे, आणि घरच्या पोरांना भूक तर आजच लागलेली असते.

गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याने उलट्या बाजूने सुरुवात केली. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरातच घेतली, आणि ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तिथेही घर आधी आले, हे लक्षात घे.

भाषा येत नाही, ही सबब मला सांगू नकोस. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, मान्य. पण 'घरी कोण आहे' एवढे एक वाक्य आशाताईकडून शिकायला एक दुपार पुरते.

तू मनात म्हणशील, सर, तुम्ही तरी कुठे राहिलात? सहा वर्षांनी बदली घेतली, हे खरे. मुलीची दहावी होती, आईचा गुडघा होता, आणि त्या सहा वर्षांत रात्रीच्या एकाही बाळंतपणाला मी नाही म्हणालो नव्हतो. हे शेवटचे वाक्य लिहायला नको होते, पण लिहिले गेले. माझ्या जाण्याची कारणे कोणी विचारली तर मी अजूनही तासभर सांगू शकतो. त्या बाईला मी एक मिनिट दिला नव्हता.

तेव्हा या आठवड्यात आशाताईला घेऊन त्या मुलीच्या ढाण्यावर जा. दंडाची पट्टी बरोबर ठेव. मुलीला ताप, सूज नसेल आणि ती तोंडाने खात असेल, तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात तिचे चालू शकते का ते बघ. तसे झाले तर आईला गाव सोडावे लागणार नाही. खाटेवरच आणावे लागले, तर घरच्या इतर पोरांनाही सोबत येऊ दे आणि त्यांच्या जेवणासाठी वरिष्ठांशी भांड. केसपेपरवरचा तो शब्द खोडू नकोस. त्याच्याखाली तारीख घालून कारण लिही, आणि काय लिहिलेस ते मला कळव.

तुझा,
सर