पोर्ट वाइन एवढ्या पैशांची असते का आणि ती प्यायची कशी?

तुमचा भाऊ लिस्बनहून येतोय, दहा वर्षांची टॉनी पोर्ट (लाकडी पिंपात मुरवलेली पोर्तुगालची गोड, कडक वाइन) तीन हजारांच्या आसपास पडेल, तर घ्यावी का आणि प्यायची कशी, असं तुम्ही विचारलंय. खाली जाता जाता लिहिलंय, "आईलाही थोडी देता येईल, रक्त वाढतं म्हणतात."

बाटली घ्या. आईंना रक्तासाठी म्हणून देऊ नका. त्या शेवटच्या ओळीमुळेच मी लिहायला बसलेय.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. २००९ साली आईला पाळीचा त्रास सुरू झाला, अंगावरून फार जायचं. चेहरा पिवळट पडलेला, चार पायऱ्या चढली तरी धाप. मामांचा ट्रक होता, गोव्याला महिन्यातून एक फेरी व्हायची. तिथून ते पोर्ट आणायचे. "बाळंतिणीला देतात, रक्त होतं," म्हणून रोज रात्री स्टीलच्या वाटीत दोन झाकणं. आई माळकरी घरातली. तिला तो वास सहन व्हायचा नाही, पण भावानं आणलेलं औषध म्हणून डोळे मिटून घ्यायची. आठ महिने घेतलं. दवाखान्याचा विषय कुणी काढलाच तर मामा म्हणायचे, "औषध चालू आहे ना."

ऑक्टोबरात गोडी छाटणी उरकून काड्यांना पेस्ट लावायचं चाललं होतं. आई दोन ओळींच्या मध्येच कोसळली. नाशिकला नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ५.४ होतं. गर्भाशयात गाठी निघाल्या. रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या, मग ऑपरेशन. मामा बाहेर बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, "पोर्ट होती म्हणून एवढे दिवस तगली." त्या वाक्यावरून मी त्यांच्याशी आजवर भांडतेय.

पुढे मायक्रोबायोलॉजी करून मी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत लॅबला लागले. हंगामात रोज सकाळी प्रत्येक टाकीतला रस काढून ब्रिक्स मोजायचा, म्हणजे साखर किती उरली ते बघायचं. २३-२४ वरून आकडा रोज उतरत जातो, साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल करत राहतं. साध्या वाइनमध्ये साखर जवळजवळ संपू देतात. पोर्टमध्ये साधारण निम्म्यावर असतानाच, म्हणजे दोन-तीन दिवसांतच, त्यात द्राक्षाचीच ७७ टक्क्यांची स्पिरिट ओततात, अंदाजे चार भाग रसाला एक भाग. यीस्ट तिथंच मरतं आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते. लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि १९ ते २२ टक्के अल्कोहोल. पोर्टची गोडी ही अशी द्राक्षाची स्वतःची. आमच्या टाक्यांमध्ये तो आकडा उतरताना मी इतक्या वेळा पाहिलाय की तो नेमका क्षण पकडायला केवढी नजर लागत असेल, ते मला कळतं. म्हणूनच "गोड वाइन ही काय वाइन आहे का" असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

खरी पोर्ट फक्त पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. त्या भागाची हद्द १७५६ साली आखली गेली. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या, लेबलवर नुसतं 'पोर्ट' लिहिलेल्या गोड लाल बाटल्यांचा त्या खोऱ्याशी काही संबंध नाही. बर्फ आणि लिंबू घालून त्या कुणी आवडीनं पीत असेल तर खुशाल प्यावं. पण लिटरभर रेड वाइनमध्ये लोह असतं जेमतेम काही मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत एकीतच ६० मिलिग्रॅम असतं. आईच्या दोन झाकणांत किती उतरलं असेल, तुम्हीच हिशोब करा.

दोन वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ पोर्तुगालमधल्या पोर्तोहून दहा वर्षांची टॉनी घेऊन आला. भाऊबीजेला आई पंचवटीत मामांकडे निघाली तेव्हा मी ती बाटली सोबत घेतली. मामांना ओतून दिली. ते ग्लास उजेडात धरून म्हणाले, "ही कुठली पोर्ट? ही लाल कुठंय?"

लाल नसतेच. टॉनी वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहते, लाकडातून हळूहळू हवा लागत जाते आणि रंग उतरून गुळाच्या पाकासारखा होतो. मी म्हटलं, "मामा, तुम्ही आठ महिने रंगावर विश्वास ठेवला." ते काही बोलले नाहीत. ग्लास मात्र संपवला. आई पिणार नव्हतीच, तिनं नुसता वास घेतला. म्हणाली, बेदाण्याच्या शेडमध्ये नवव्या-दहाव्या दिवशी द्राक्षं वाळत घातलेल्या जाळीजवळ गेलं की असाच येतो. वायनरीत एवढी वर्षं वास ओळखायचं काम केलं, पण टॉनीचं इतकं नेमकं वर्णन मला कधी सुचलं नव्हतं.

तर तुमची बाटली. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, आपल्याकडच्या हवेत ती गरम प्यायली तर नुसती स्पिरिट नाकात जाते. ग्लास लहान घ्या, एका वेळी ६० मिली पुरे. जेवणानंतर, सोबत अक्रोड, भाजलेले काजू किंवा शेंगदाण्याची चिक्की. खरवसाबरोबरही फार छान लागते. श्रीखंडाबरोबर नको, आंबटपणात तिची चव मरते. सोडा, कोल्ड्रिंक अजिबात घालू नका. टॉनिक वॉटर घालायचं तर व्हाइट, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांच्या, पोर्टमध्ये. मे महिन्यात बर्फ आणि लिंबाची फोड टाकून ती मस्त लागते. उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते, त्यामुळे एका बैठकीत संपवायची गरज नाही. पैसे वसूल होतात ते इथेच.

व्हिंटेज, म्हणजे एकाच निवडक वर्षाच्या द्राक्षांच्या, पोर्टच्या नादी लागू नका. महाग तर असतेच, वर वर्षानुवर्षं सांभाळायची, गाळ बसलेला म्हणून निथळून घ्यायची आणि उघडली की दोन दिवसांत संपवायची. रुबी, म्हणजे कमी मुरवलेली लाल पोर्ट, स्वस्त असते, डार्क चॉकलेटबरोबर चांगली लागते. इथल्या दुकानात आयात पोर्ट घेण्याचा सल्ला मी देणार नाही, आयात शुल्क भरपूर असतं, ते सगळं बाटलीवर चढतं. गोडच हवी असेल तर त्यापेक्षा कमी पैशांत आपल्याच नाशिकची सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ घ्या. ती पोर्ट नाही, अल्कोहोलही कमी, पण गोडी द्राक्षाचीच आहे. भावाला येताना दोन लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते, तेवढं त्याला सांगून ठेवा.

हे आधीच सांगायला हवं होतं, घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्यासाठी ही बाटली नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर एक झाकणही नको, आजीनं सांगितलं तरी नको.

आणि तुमच्या आईंचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं होतं? भाऊ यायच्या आधी ते करून घ्या.