'लीगल स्टडीज' घ्यायचं की एलएल.बी.?

इंदूरच्या खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा कॉमर्स घेऊन बारावी झाली, ७४ टक्के. तिला कायदा शिकायचाय. एका खासगी विद्यापीठात चौकशीला गेले, तर तिथे 'बी.ए. लीगल स्टडीज' सुचवलं. प्रवेशाच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "ही कायद्याचीच डिग्री, पाचाऐवजी तीन वर्षांत होते, पुढे एलएल.एम. करा." डोंबिवलीच्या मावशीनं त्यात भर घातली, "माझ्या नणंदेची मुलगीसुद्धा बी.एल.एस.च करतेय." शनिवारपर्यंत २५ हजार भरून जागा पक्की करायची आहे. आईचं म्हणणं, मुलीनं कोर्टकचेरीच्या फंदात पडू नये, बँकेत लागावं. आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईत, मुलीच्या अक्षरात एक ओळ: 'मला जज व्हायचंय. किती वर्षं लागतील?'

नमस्कार भाऊ,

आधी शनिवारचं बोलू. ते २५ हजार भरू नका. निदान या पत्रातलं सगळं नीट वाचून होईपर्यंत तरी भरू नका.

वकील व्हायचं तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना लागतो. ती राज्याची बार कौन्सिल देते, आपल्याकडे जबलपूरची. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे सनद मिळते एलएल.बी.वर. एलएल.बी.च्या वाटा दोनच: आधी कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांची, नाहीतर बारावीनंतर सलग पाच वर्षांची बी.ए. एलएल.बी., बी.बी.ए. एलएल.बी. वगैरे. 'बी.ए. लीगल स्टडीज' या दोन्हींत बसत नाही. राज्यशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात बी.ए. करतात, तसं हे कायदा या विषयातलं बी.ए. शिकायला चांगलं असेलही, पण त्यावर सनद नाही. आणि एलएल.एम.लाही आधी एलएल.बी. लागते. म्हणजे टेबलावरच्या माणसाचं वाक्य दोन्ही टोकांना चुकलंय.

मावशींचा गोंधळ मी समजू शकते. मुंबई विद्यापीठाचा बी.एल.एस.-एलएल.बी. हा एकच सलग पाच वर्षांचा कोर्स आहे. तिसऱ्या वर्षानंतर बी.एल.एस. हातात येतं, पण सनद त्यावर नाही मिळत. पुढची दोन वर्षं करून एलएल.बी. झाली की मिळते. त्यांच्या नणंदेची मुलगी बरोबर वाटेवर आहे. नावं सारखी वाटतात, एवढंच.

मी हे इतकं ठासून का सांगतेय? काही वर्षांपूर्वी असाच लीगल स्टडीज केलेला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सहा सेमिस्टरच्या मार्कशीटा, एकेक झेरॉक्स नीट पिन केलेली, वर पासपोर्ट फोटोंचं पाकीट. सनदेचा फॉर्म अर्धा भरलेला. एलएल.बी.चा तपशील विचारणाऱ्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं होतं. "मॅडम, इथे काय लिहायचं?" तीन वर्षांत कुणीही त्याला सांगितलं नव्हतं की तो रकाना त्याला भरताच येणार नाही. वडील हम्माली करायचे. त्यानं मग तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला, पण पहिल्या वर्षी वर्गात तो कुणाशी बोलत नसे. मला त्या दिवसाचा अजून राग येतो.

लीगल स्टडीज अगदीच फुकट आहे असं मात्र नाही. ज्याला यू.पी.एस.सी., एम.पी.पी.एस.सी. द्यायचीय, पत्रकारितेत किंवा सामाजिक संस्थेत जायचंय, कंपनी सेक्रेटरी करायचंय, त्याला पदवी म्हणून ते चालेल. पण जज व्हायचं असलेल्या मुलीनं ते घेतलं तर तीन अधिक तीन, सहा वर्षं. सलग कोर्सनं पाच. वर दोन वेळा प्रवेशाची धावपळ.

आता आईंचं म्हणणं. बँकेत लागावं, हे मला अगदी पटतं. सरकारी बँका आय.बी.पी.एस.मार्फत लॉ ऑफिसर भरतात, चांगली, स्थिर नोकरी आहे. पण त्या जाहिरातीत काय लिहिलेलं असतं, ते आईंना वाचून दाखवा: कायद्याची पदवी आणि बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणी. म्हणजे बँकेत लॉ ऑफिसर म्हणून बसायलासुद्धा सनदच हवी. सरकारी वकील म्हणजे ए.डी.पी.ओ. व्हायचं तरी एलएल.बी., सैन्याच्या जॅग या कायदा शाखेत जायचं तरी एलएल.बी., तीही ५५ टक्क्यांनी. पीथमपूरच्या कारखान्यांना २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या चार नव्या कामगार संहिता समजावून सांगणारी माणसं हवी आहेत, सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना करार तपासणारी. तिथे सनद दरवेळी सक्तीची नसते, पण निवड करताना एलएल.बी.वाल्याला आधी बोलावतात. आईंच्या मनातली नोकरी आणि लेकीच्या मनातली खुर्ची, दोन्हीकडे जाणारा रस्ता पहिली पाच वर्षं एकच आहे. घरात यावरून भांडण नको.

आणि मुलींनी कोर्टात जाण्याबद्दल: आईंना एकदा सकाळी अकराला एम. जी. रोडवरच्या कोर्टात घेऊन जा. डायसवर बाई बसलेली आणि समोर पन्नाशीचे वकील 'मॅडम' म्हणत उभे, हे आता तिथे रोजचं दृश्य आहे. लोकसभेच्या माजी अध्यक्षा, आपल्या सुमित्राताई महाजनही इंदूरच्याच विद्यापीठाच्या एलएल.बी.

कॉलेज कुठलं? क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, डिसेंबरात होते, ती यंदाची निघून गेली. त्यासाठी एक वर्ष घरी बसावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते. तिथला खरा फायदा होतो तो मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर, कारण त्या फर्म भरतीला ठरावीक कॅम्पसवरच जातात. भोपाळच्या किंवा जबलपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सहज नंबर लागत असता तर मी वेगळं बोलले असते. पण इंदूरच्या कोर्टात पाय रोवायचेत आणि न्यायिक सेवेची परीक्षा द्यायचीय, तर देवी अहिल्या विद्यापीठाचं स्कूल ऑफ लॉ किंवा शासकीय नवीन विधी महाविद्यालय पुरे आहे. दोन्हीकडच्या प्रवेशाच्या तारखा आजच बघा. खासगी कॉलेज घ्यायचंच असेल तर फक्त एक कागद मागा: बार कौन्सिल ऑफ इंडियाचं मान्यतेचं पत्र. त्यात कोर्सचं नेमकं नाव, जागा किती आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत, हे तिन्ही वाचा. पत्र दाखवायला कां-कूं केली, तर उठून या. घरबसल्या, पत्राद्वारे एलएल.बी. असं कुणी म्हणालं तरी उठून या. बार कौन्सिल ते मानत नाही.

आता पैशाचं, कारण दुकान तुमचं आहे आणि हिशेब तुम्हालाच करायचाय. तुम्ही पाच वर्षांचा हिशेब मांडलाय. तो आठ वर्षांचा मांडा.

पाच वर्षांनी एलएल.बी. झाली की नोंदणी. तिला आता फार पैसे लागत नाहीत: राज्याराज्यांच्या बार कौन्सिली पूर्वी हजारो रुपये घ्यायच्या, ३० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. मग ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, शंभर प्रश्न, खुल्या वर्गाला ४५ टक्के. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपांशिवायचा मूळ कायदा, घेऊन बसता येतं, तेव्हा त्याची धास्ती नको.

खरी गोष्ट पुढे आहे. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. ही वर्षं बार एक्झामिनेशनच्या आधीच्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणून निकाल लागल्यावर नोंदणीला एक महिनाही उशीर करू नका. त्या-त्या वेळच्या जाहिरातीतली अट मात्र वाचायचीच. पूर्वी मुलं कॉलेजातून थेट क्लासला आणि क्लासमधून परीक्षेला जायची. आता मधली तीन वर्षं कोर्टात काढायची आहेत, आणि त्या तीन वर्षांत कमाई फार थोडी होते. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात महिना २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार तरी द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. कित्येक चेंबरमध्ये येण्याजाण्याचा खर्च हातावर ठेवतात आणि 'शिकतेयस ना!' म्हणतात. तेव्हा फीसाठी जमवलेलं सगळं पाच वर्षांत संपवू नका. स्वस्त सरकारी कॉलेज घेऊन वाचतील ते पैसे सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षासाठी बाजूला ठेवा. मुलगी घरी राहते, डबा घरचा आहे, ही इंदूरमध्ये शिकण्यातली मोठी मिळकत आहे. ज्या हुशार मुली मी वकिली सोडताना पाहिल्या, त्या बहुतेक या वर्षांत सोडून गेल्या. हातात काही उरत नव्हतं म्हणून गेल्या, कायदा येत नव्हता म्हणून नाही.

हळूहळू स्वतःचं काम मिळतंच: बँकेच्या कर्जासाठी मालमत्तेचे सर्च रिपोर्ट, चेक बाउन्सच्या १३८च्या केसेस, अपघाताचे क्लेम, किरायानामे, नामांतरणाची तहसिलीतली कामं. त्यातून एखाद्या प्रकारात हात बसतो.

आता बाळ, तुझ्याशी. तू विचारलंस किती वर्षं. आता १८ धर, २३व्या वर्षी एलएल.बी., २६व्या वर्षी परीक्षेला पात्र. पुढे किती प्रयत्न लागतील, ते तुझ्या तयारीवर आहे.

तुझी एक अडचण तुला अजून दिसली नसेल. घरी मराठी, शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी, अशी आपल्या इंदूरच्या मुलांची भाषा असते. जिल्हा कोर्टाचं काम चालतं हिंदीत, आणि ती सराफ्यातली हिंदी नव्हे. वादी-प्रतिवादी, अभियोजन, व्यादेश, नक्कल, पेशी, तलवाना. समोरच हायकोर्टाच्या खंडपीठात गेलीस की मुख्यतः इंग्रजी. आणि मध्य प्रदेशच्या न्यायिक परीक्षेच्या मुख्य टप्प्यात भाषांतर आहे, निकालपत्र लिहिणंही आहे. चांगली मुलं मला तिथेच अडकलेली दिसतात. आजपासून रोज हिंदी वर्तमानपत्रातली एक बातमी इंग्रजीत आणि इंग्रजीतली एक हिंदीत, हातानं लिहून काढ. अर्धा तास पुरे.

पुस्तकांचं बाबांनाच विचार. १ जुलै २०२४ला आय.पी.सी.च्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यांच्या बाजारातले आय.पी.सी.चे गठ्ठे पडून राहिले असतील. खून ३०२चा १०३ झाला, फसवणूक ४२०ची ३१८. पण रद्दीत घालू नका म्हणावं. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच कायद्यानं चालतात आणि तू कोर्टात उभी राहशील तेव्हाही काही चालू असतील. एक जुनी प्रत आणि एक नवी, दोन्ही तुझ्या टेबलावर हव्यात.

पाच वर्षांत वीस आठवड्यांची इंटर्नशिप नियमानंच करावी लागते. पुष्कळ मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणतात आणि घरी बसतात. तू तसं करू नकोस. पहिल्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे ज्यांना वकील परवडत नाही ती माणसं येतात. त्यांचं म्हणणं ऐकून एका पानात उतरवायला शीक. पुढच्या वर्षी अशा वकिलाकडे जा, जो रोज साक्षीपुरावे चालवतो, भले त्याचं चेंबर लहान असो.

भाऊ, मान्यतेच्या पत्राची प्रत मिळाली की मला पाठवा, मी वाचून कळवते. आणि विद्यापीठातून शनिवारी फोन आला तर त्यांना एवढंच विचारा: या डिग्रीवर सनद मिळते का, ते लेखी द्याल?