बेक्ड बीन्सचे दाणे कडक राहतात, ते मिठामुळे का?

तुम्ही विचारलंय की घरी ओव्हनमध्ये बेक्ड बीन्स केले, सहा तास ठेवले तरी दाणे कडकच, तर हे भिजवताना मीठ घातल्यामुळे झालं का आणि दाणे कुठले घ्यावेत. मिठाचा काहीएक संबंध नाही. ठासून सांगते, कारण याच एका गोष्टीवरून मी चार वर्षं ऐकून घेतलंय.

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. पुतण्या सुट्टीवर आलेला, त्याला बोस्टनला खाल्लेले बीन्स हवे होते, तिकडे ते मोलॅसिस (उसाचा काळा दाट पाक) घालून मातीच्या भांड्यात तासन् तास ठेवतात. मी मोलॅसिसऐवजी माडाचा गूळ घेतला, तो काळा धुरकट वासाचा, आणि माझ्या मते चवीला तोच सरस. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, पोदेराने (पाववाल्याने) संध्याकाळचे पाव काढून झाल्यावर फोर्नात (पावाच्या भट्टीत) बुडकुलं, म्हणजे मातीचं मडकं, ठेवू दिलं, झाकण मी कणकेने लिंपलं होतं. सकाळी कणीक फोडली तर वासाने सगळं घर स्वयंपाकघरात जमलं, वर दाट काळपट रस, आणि दाणा दाताखाली घेतला तर आत कोरडा ठाक. वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भिजवतानाच मीठ? तुझ्या आईने शिकवलं नाही का काही?" अहो, भिजवताना मीठ घालायचं मला आईनेच शिकवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात दोन बुडकुली केली, एकात मिठाच्या पाण्यात भिजवलेले दाणे, दुसऱ्यात साध्या. या वेळी दोन्ही आधी पूर्ण मऊ शिजवले आणि मगच गूळ घातला. दोन्ही लोण्यासारखे, उलट मिठातल्यांची सालं कमी फाटली. दोष गुळाचा होता, पहिल्या वेळी मी दाणे वीसच मिनिटं उकळून लगेच तो घातला होता. गुळातली साखर, कॅल्शियम आणि टोमॅटो-चिंचेचा आंबटपणा यांनी दाणा मऊ व्हायचा थांबतो, मग रात्रभर भाजा नाहीतर दोन दिवस.

तर अर्धा किलो दाण्यांना दोन लिटर पाणी आणि दीड टेबलस्पून मीठ, रात्रभर. सकाळी ते पाणी टाकून, धुऊन, नव्या पाण्यात बोटाने चिरडेपर्यंत शिजवा. मग कांदा, शंभर ग्रॅम गूळ, मोहरीची पूड, मिरची, टोमॅटो घालून झाकण लावून १४० डिग्रीवर पाच तास, अधूनमधून गरम पाणी, शेवटचा तास झाकण काढून. दाणे छोटा पांढरा राजमा घ्या, आळसांदे (गोव्याकडची मोठी चवळी) पण चालतात पण ते लवकर गळतात म्हणून तीन तास बस.

वन्सं अजून मिठालाच दोष देतात, त्यांना हे उत्तर पाठवणार आहे.

आणि हो, राजमा कच्चा थेट ओव्हनमध्ये किंवा स्लो कुकरमध्ये टाकू नका, आधी दहा मिनिटं तरी खळखळून उकळायलाच हवा, नाहीतर उलट्या होतात. दाणे फार जुने असले तर मात्र काहीही करा, कडकच राहतात.